मोबाईल फोनचे प्रारण : धोका किती, काळजी कोणती?



बाजारभाव, हवामानाचा अंदाज, विहिरीवरील मोटार चालू-बंद करणे, पीक विम्याचा अर्ज अशा अनेक कामांसाठी मोबाईल फोन आज शेतकऱ्याच्या नित्य वापरात आला आहे. त्याबरोबरच ‘मोबाईलने कॅन्सर होतो’, ‘टॉवरमुळे गाव आजारी पडते’ असे बोलणेही सर्वत्र ऐकू येते. भीतीपोटी काही जण नको त्या वस्तूंवर पैसे घालवतात आणि जिथे खरी काळजी घ्यावयास हवी तिथे मात्र दुर्लक्ष करतात. यासाठी या विषयाची शास्त्रीय माहिती आपणास असणे आवश्यक आहे.

प्रारण म्हणजे काय?

रेडिएशन म्हणजेच प्रारण. सूर्यप्रकाश, चुलीची धग, रेडिओच्या लहरी आणि क्ष-किरण ही सर्व प्रारणाचीच रूपे आहेत. मात्र त्यांची ऊर्जा सारखी नसते. क्ष-किरणांमध्ये पेशीतील रेणू तोडण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून ते बेताने वापरावे लागतात. मोबाईलच्या लहरी रेडिओ लहरींच्या जातीच्या आहेत. त्यांच्यात रेणू तोडण्याची शक्ती नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे शरीराचा भाग किंचित तापणे. फोनवर बराच वेळ बोलल्यावर कान गरम होतो, त्यात मोठा वाटा फोनच्या बॅटरीच्या उष्णतेचा आणि कान झाकला जाण्याचा असतो.

कर्करोगाबाबत संशोधन काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘२-ब’ या गटात टाकले. या गटाचा अर्थ ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ असा होतो. पुरावा अपुरा आहे, पण शंका पूर्ण फिटलेली नाही, अशा गोष्टी या गटात येतात. तंबाखू मात्र ‘गट १’ मध्ये, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात आहे. मोबाईलला भिऊन तंबाखूची चंची जवळ ठेवणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला एक मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांवर झालेल्या ६३ अभ्यासांची त्यात छाननी केली होती. मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही. दहा वर्षे व त्याहून अधिक काळ फोन वापरणाऱ्यांतही तो आढळला नाही. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. तरीही प्रारण कमी करणे फुकटात जमत असेल, तर ते करणे शहाणपणाचे आहे.

रेंज कमी तर प्रारण जास्त

बांधावरच्या शेजाऱ्याशी आपण हळू बोलतो, पण ओढ्यापलीकडच्या माणसाला हाळी द्यावी लागते. फोनचेही तसेच आहे. टॉवर जवळ असला की तो अगदी कमी शक्तीवर काम करतो. रेंज क्षीण झाली की तोच फोन आपली शक्ती वाढवतो. चांगल्या रेंजमध्ये लागणारी शक्ती ही पूर्ण शक्तीच्या हजाराव्या भागाइतकीही असू शकते. म्हणून दरीतील शेत, पत्र्याची मोटारखोली, चालती एसटी अशा ठिकाणी फोन कानाला लावून बराच वेळ बोलणे टाळावे.

टॉवरबाबतचा गैरसमजही यातूनच दूर होईल. टॉवरच्या लहरी साधारणपणे आडव्या दिशेने दूरवर जातात आणि अंतर वाढेल तशा झपाट्याने क्षीण होतात. आपल्याला मिळणाऱ्या प्रारणाचा मोठा भाग दूरच्या टॉवरकडून न येता कानाला चिकटलेल्या फोनकडून येतो. टॉवर गावापासून लांब घालवला तर प्रत्येक फोन अधिक शक्तीने बोलू लागतो. शिवाय रात्री कोणाला सर्पदंश झाला आणि १०८ क्रमांकाला फोन लागला नाही, तर होणारे नुकसान भरून येत नाही. टॉवरबाबत शंका असल्यास केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडे ठराविक शुल्क भरून मोजणी करून घेण्याची सोय आहे. टॉवरच्या कुंपणाच्या आत मात्र जाऊ नये, तसेच मुलांना त्यावर चढू देऊ नये.

फोन खरेदी करताना

फोनमुळे शरीरात किती ऊर्जा शोषली जाते, याचे माप ‘एसएआर’ या नावाने ओळखले जाते. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशात त्याची मर्यादा किलोमागे १.६ वॅट ठरविण्यात आली. ही चाचणी फोन पूर्ण शक्तीवर चालवून घेतात. बहुतेक फोनवर *#०७# असे दाबल्यास हा आकडा दिसतो. तो मर्यादेच्या आत आहे एवढे पाहावे. दोन फोनच्या आकड्यांतील थोड्याशा फरकासाठी जादा पैसे मोजू नयेत.

प्रारण रोखणारे स्टिकर, चिप व लॉकेट घेऊ नयेत. लहरी खरोखरच अडल्या तर फोन शक्ती वाढवून त्या पुन्हा पाठवू लागेल. २०२० मध्ये गाईच्या शेणाच्या चिपबाबत असाच दावा झाला होता, तेव्हा देशातील शेकडो शास्त्रज्ञांनी त्याचा प्रयोगसिद्ध पुरावा मागितला. शेणाची खरी किंमत शेणखतात आहे. २०२१ मध्ये तर नेदरलँड्समध्ये मोबाईल लहरींपासून संरक्षण देतात म्हणून विकली जाणारी लॉकेट व तत्सम वस्तूच किरणोत्सर्गी निघाल्या आणि तेथील सरकारी यंत्रणेला त्या न वापरण्याचा इशारा द्यावा लागला.

कोणती काळजी घ्यावी?

१) लांब बोलणे असल्यास स्पीकर किंवा इअरफोन वापरावा. अंतर वाढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

२) रेंज कमी असेल तेथे थोडक्यात बोलावे किंवा संदेश पाठवावा.

३) लहान मुलांच्या हाती फोन कमीत कमी द्यावा. त्यांची झोप व डोळे यासाठीही हे हिताचे आहे.

४) हृदयात पेसमेकर बसविला असल्यास फोन त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. छातीवरील खिशात ठेवू नये.

५) चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहूनच तो घ्यावा. फोन चार्जिंगला असताना कानाला लावू नये, उशीखाली ठेवू नये आणि ओल्या हाताने हाताळू नये.

६) फवारणी करताना फोनला हात लावू नये. औषध लागलेल्या हातातून ते फोनवर व तेथून तोंडाला लागते. हात साबणाने धुतल्यानंतरच फोन घ्यावा.

७) ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालविताना, तसेच कडबाकुट्टी व मळणी यंत्रावर काम करताना फोनवर बोलू नये. वाहन चालविताना फोन हातात धरणे हा कायद्याने गुन्हा आहे.

शेवटचे तीन मुद्दे लहरींशी संबंधित नाहीत, पण जीव जाण्याची शक्यता त्यांतच अधिक आहे. मळणी यंत्रात हात जायला एक क्षणही पुरतो. तेव्हा फोनच्या लहरींची अवाजवी धास्ती न बाळगता तो कानापासून दूर ठेवून, थोडक्यात आणि चांगल्या रेंजमध्ये वापरावा. यंत्रावर व फवारणीच्या वेळी तो बाजूलाच ठेवावा. ही माहिती घरातील सर्वांना, विशेषतः ट्रॅक्टर चालविणाऱ्या तरुण मुलांना अवश्य सांगावी.