रश्श्यातले गोळे आणि तीन तासांची मुदत

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ‘चिकन अँड डम्पलिंग्ज’ या नावाने घरोघरी रांधला जाणारा, कोंबडीच्या रश्श्यात मैद्याचे मऊ गोळे किंवा लाटून कापलेल्या पट्ट्या शिजवून सिद्ध होणारा आणि आपल्या वरणफळांशी ज्याचे साम्य पहिल्याच घासाला ध्यानात यावे असा जो पदार्थ, तो घरी करून पाहण्याची इच्छा अलीकडे अनेकजण व्यक्त करतात. आणि त्यांतील बहुतेकांच्या तोंडून एकच सिद्धांत मला वारंवार ऐकावा लागतो, तो असा, की कोंबडी जितकी जास्त वेळ व जितक्या जोराने उकळावी तितकी ती मऊ होते, आणि तीन तास रटरटल्याखेरीज या रश्श्याला चव येत नाही. या समजुतीपायी चांगल्या कोंबडीचा चोथा झालेला इतक्या ताटांत पाहिला आहे, की तिची सविस्तर तपासणी करणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम तिच्या बाजूने जे सांगण्याजोगे आहे ते सांगितले पाहिजे. ही समजूत निराधार जन्मलेली नाही. जुन्या पाककृतींत दोन-तीन तासांची जी मुदत आढळते, ती अंडी देण्याचे वय उलटलेल्या जून कोंबडीसाठी ठरवलेली होती. वाढत्या वयाबरोबर पक्ष्याच्या स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे एकमेकांशी अधिकाधिक घट्ट जोडले जातात. मंद आचेवर दीर्घकाळ राहिले म्हणजे ते हळूहळू विरघळून त्यांचे जिलेटिन होते, मांस सैल पडते आणि रश्श्याला अंगचा दाटपणा येतो. आपल्याकडील जून गावरान कोंबडीच्या बाबतीत ही मुदत आजही रास्त आहे, आणि तिच्या रश्श्याची खुमारी बाजारी कोंबडीला येत नाही ही जुन्या लोकांची तक्रारही खरी आहे.

परंतु पाककृती तीच राहिली आणि पक्षी मात्र बदलला, ही गोष्ट लक्षात घ्यायला कोणी तयार नाही! नॅशनल चिकन कौन्सिल या अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेच्या आकडेवारीनुसार १९२५ साली मांसासाठी वाढवलेली कोंबडी ११२ दिवसांनी बाजारात येई व तेव्हा तिचे वजन अडीच पौंड, म्हणजे सुमारे १.१ किलो, भरत असे. आज ती सुमारे ४७ दिवसांतच सहा पौंडांच्या पुढे जाते. १९४८ साली तेथे ‘चिकन ऑफ टुमारो’ या नावाची राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि रुंद छातीच्या, झपाट्याने वाढणाऱ्या वाणांची निवड करण्याच्या उद्योगाला तिने मोठी चालना दिली. दीड-दोन महिन्यांच्या या पिलाच्या अंगात विरघळवण्याजोगे चिवट धागे मुळातच थोडे, आणि छातीच्या मांसात तर ते फारच थोडे. त्याला तीन तासांची शिक्षा कशासाठी?

आता उकळीच्या जोराविषयी. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते आणि उघड्या पातेल्याखाली कितीही मोठी आच लावली तरी त्याहून अधिक तापत नाही. तेव्हा खदखदणाऱ्या रश्श्यातील कोंबडी अधिक लवकर मऊ होईल ही कल्पनाच टिकत नाही. होते ते निराळेच. मांसाचे तंतू ६० अंशांच्या पुढे आकसू लागतात व स्वतःतील पाणी बाहेर टाकतात. छातीचे मांस या तापमानापलीकडे जितके रेंगाळेल तितके ते कोरडे होते, आणि सभोवती रस्सा आहे म्हणून ते कोरडे होणार नाही असे मानणे ही शुद्ध भूल आहे. शिवाय जोराच्या उकळीने वरची चरबी फुटून रश्श्यात मिसळते व तो गढूळ होतो, आणि पुढे त्यात सोडलेले गोळे आपटून विरघळतात. प्रेशर कुकरमध्ये तर सुमारे १२० अंशांपर्यंत मजल जाते. तो जून कोंबडीला उपकारक आहे, कोवळ्या छातीला नव्हे.

तेव्हा तजवीज अशी करावी. दीड किलोची कोंबडी थंड पाण्यात कांदा, गाजर व मिरीदाण्यांसह ठेवून, पृष्ठभागावर एखाददुसरा बुडबुडा यावा इतक्याच आचेवर पाऊण ते एक तास शिजवावी; सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंश झाले की बाहेर काढून मांस वेगळे करावे. हाडे व कातडी मात्र त्याच पाण्यात परत घालून आणखी तास-दीड तास मंद ठेवावीत. रश्श्याची चव व दाटपणा बव्हंशी तेथून येतो, आणि तीन तासांचा हट्टच असेल तर तो हाडांपुरता चालवावा. मांस अगदी शेवटी, गोळे शिजल्यानंतर, गरम होण्यापुरते आत जावे.

कोंबडी एवढी वाढते ती संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी, हाही एक लाडका प्रवाद आहे. अमेरिकेत कोंबड्यांना संप्रेरके देण्यास मुळी परवानगीच नाही. आणि कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७, १९७८ व २००५ सालचे वाण एकाच खाद्यावर वाढवले असता ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ व ४,२०२ ग्रॅम भरली, असे त्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. खाद्य तेच होते. फरक वाणाचा होता.

नळाखाली धुतल्याने कच्ची कोंबडी निर्जंतुक होत नाही. जंतू मरतात ते उष्णतेने. अमेरिकेच्या कृषिखात्याने २०१९ साली जाहीर केलेल्या पाहणीत कोंबडी धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये जंतू सापडले; न धुणाऱ्यांपैकीही ३१ टक्क्यांच्या सॅलडपर्यंत ते पोहोचले होते, म्हणून साबणाने धुवायचे ते हात आणि ओटा. हाडालगतचा गुलाबी रंग कच्चेपणाचा पुरावा नव्हे. कोवळ्या हाडांतील मज्जेचा रंग बाहेर झिरपतो, आणि निवाडा तापमापकाने करावा.

पीठ कणकेप्रमाणे खूप मळले की गोळे हलके होतात असे म्हणणाऱ्यांनी ग्लुटेनचा विचार केलेला नसतो: मळण्याने ते बळावते व गोळा चिवट होतो, म्हणून बेकिंग पावडर घातलेले पीठ ओले होईपर्यंतच चमच्याने हलवावे. झाकण एकदा उचलले की सर्व फसले, ही भीती अतिरंजित आहे. चमच्याने सोडलेल्या गोळ्यांची वरची बाजू वाफेवर शिजते, म्हणून झाकण उगाच उघडू नये इतकेच, आणि लाटलेल्या पट्ट्या रश्श्यात बुडालेल्या असल्याने त्यांना झाकणाची गरजही नसते. बारा-पंधरा मिनिटांनी एक गोळा मधोमध फोडून पाहावा. आत ओले पीठ दिसले तर आणखी दोन-तीन मिनिटे झाकून ठेवावे.