शेपटाचं अप्रेजल

मार्च उजाडला की आपल्या सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसायला लागतात. समोर एक्सेल, त्यात केआरएची शीट, आणि डोक्यात एकच किडा: वर्षभर मी नेमकं केलं काय? माझ्या घरी मात्र मार्चमध्ये आणखी एक अप्रेजल होतं. आजवर ते एकदाही पोस्टपोन झालेलं नाही.

माझे बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले. त्यांच्याकडे एक जाडजूड डायरी आहे, रेक्झिनच्या कव्हरची. रणजी मोसम संपला की त्या डायरीत मुंबईच्या प्रत्येक प्लेअरच्या नावापुढे दहापैकी मार्क पडतात आणि शेजारी एका ओळीचा शेरा. पूर्वी हे काम आमच्या जुन्या चाळीच्या ओट्यावर चालायचं. आता पालेगावच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्याच्या गॅलरीत चालतं. हवा सॉलिड असते, पण भांडायला शेजारी नाही. त्यामुळे भांडायला मी.

2023-24 च्या मोसमावरून आम्ही जेवढे भांडलो, तेवढे कधीच नाही. खरं तर भांडायचं काही कारण नव्हतं. 14 मार्च 2024 ला वानखेडेवर मुंबईने विदर्भाला 169 रन्सनी हरवलं आणि बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक घेतला. आधीचा 2015-16 चा, म्हणजे मध्ये आठ वर्षं कोरडी. घरात श्रीखंड आलं. आणि त्याच आठवड्यात मला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांचं अप्रेजल लिहायचं होतं. नवीनच टीम लीड झाले होते. टीममध्ये आठ जण, आणि वरून फर्मान की आठांतला एक जण 'बॉटम'ला बसलाच पाहिजे. काम सगळ्यांनी चांगलं केलं असेल तरी. यालाच बेल कर्व्ह म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको.

बाबांना बेल कर्व्ह समजावून सांगितला. ते म्हणाले, "अगं, मग गावसकर आणि वेंगसरकर तुझ्या टीममध्ये असते तर कोणाला नापास केलं असतंस?"

असो. डायरी उघडूया.

पहिली गोष्ट, हा मोसम बॅट्समनांचा नव्हता. मुंबई म्हणजे बॅटिंग, मुंबई म्हणजे खडूस टॉप ऑर्डर, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण या वर्षी वरच्या फळीने घाबरवायचं आणि खालच्यांनी निस्तरायचं, असा प्रकार पुन्हा पुन्हा झाला. फायनलमध्येसुद्धा बिनबाद 81 वरून 6 बाद 111! पृथ्वी शॉ 46, भूपेन ललवाणी 37, आणि मग पत्त्यांचा बंगला. तिथून शार्दूल ठाकूरने 69 चेंडूंत 75 ठोकले म्हणून 224 तरी झाले.

ललवाणीला मात्र मी बाबांपेक्षा एक मार्क जास्त दिला. मुंबईकडून मोसमात सगळ्यात जास्त रन्स याचे, आणि फायनलनंतरच्या फोटोंत हा शोधावा लागतो. आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसात असा एक जण असतो. आठ. पृथ्वी शॉ दुखापतीतून परत आला आणि छत्तीसगडविरुद्ध 159 करून गेला. बाबांचा शेरा: 'हात देवाचे, बाकी बघू.' साडेसहा. शिवम दुबेने यूपीविरुद्ध दुसऱ्या इनिंगमध्ये 117 केले, तरी ती मॅच आपण दोन विकेट्सनी हरलो. साखळीतला तो एकच पराभव. आसामविरुद्ध पुन्हा नाबाद 121. सात. श्रेयस अय्यर सेमीफायनलला आला आणि 3 रन्स करून गेला, फायनलच्या पहिल्या इनिंगमध्ये 7, आणि मग दुसऱ्या इनिंगमध्ये 95. शेवटच्या क्वार्टरमध्ये टार्गेट पूर्ण करणारा माणूस. सहा, त्यातला एक त्या 95 च्या स्टाईलसाठी.

मुशीर खान. हा पोरगा अंडर-19 वर्ल्ड कप खेळून आला आणि थेट क्वार्टर फायनलला उतरला. बडोद्याविरुद्ध नाबाद 203. सेमीला 55. फायनलला दुसऱ्या इनिंगमध्ये 136. रणजी फायनलमध्ये शतक करणारा मुंबईचा सगळ्यात लहान बॅट्समन हा सचिनचा विक्रम त्या दिवशी मोडला, तोही स्टेडियममध्ये सचिन असताना. तीन मॅचमध्ये 433 रन्स. इथे आमचं पहिलं भांडण. मी नऊ म्हटलं, बाबा म्हणाले आठ. कारण काय, तर "तीनच मॅच खेळला." मी म्हटलं, "बाबा, त्या तिन्ही नॉकआऊट होत्या!" डायरीत साडेआठ पडले.

आता खरे हिरो. बाबा टीमची यादी नेहमी स्टेशनप्रमाणे वाचतात. ही त्यांची जुनी खोड. नाव वाचलं की पोरगा कुठे उतरतो ते सांगायचं. तुषार देशपांडे, कल्याण. अजिंक्य रहाणे, डोंबिवली. तनुष कोटियन, विक्रोळी. शार्दूल ठाकूर पश्चिम रेल्वेचा, पण पालघरचा, त्यामुळे त्याला बाबा आपल्यातच धरतात. "मुंबईची टीम म्हणायला मुंबईची," ते म्हणतात, "अर्धी टीम तर डाउन लोकलची आहे." अंबरनाथला सीट मिळत नाही म्हणून बदलापूरला उलटं जाऊन बसणाऱ्या माणसाला या गोष्टीचा किती अभिमान वाटतो, ते दादरला राहणाऱ्यांना कळायचं नाही.

तुषारची गोष्ट तर ऑफिसात मी दहादा सांगितली आहे. 2007 मध्ये हा शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवडीला बापासोबत कल्याणहून आला तो बॅट्समन म्हणून. बॅटिंगची रांग लांबलचक, बॉलिंगची छोटी. परतीची गाडी पकडायची होती, म्हणून हा बॉलिंगच्या रांगेत उभा राहिला. पद्माकर शिवलकरांनी पाहिलं आणि तिथून पुढे तो फास्ट बॉलर. आता 27 फेब्रुवारी 2024 च्या मंगळवारी येऊ. बडोद्याविरुद्ध क्वार्टर फायनलचा शेवटचा दिवस. आदल्या दिवशी आपली नववी विकेट पडली तेव्हा स्कोअर 337. दहाव्या नंबरवर तनुष, अकराव्या नंबरवर तुषार. मी मीटिंगमध्ये, मोबाईल टेबलाखाली. बघते तर दोघांचीही शतकं! तनुष नाबाद 120, तुषार 123, भागीदारी 232 ची. रणजीतल्या शेवटच्या विकेटच्या विक्रमाला एक रन कमी. एक!

दहाव्या आणि अकराव्या नंबरच्या दोघांनीही एकाच इनिंगमध्ये शतक करण्याचा प्रकार फर्स्ट क्लास क्रिकेटच्या इतिहासात याआधी एकदाच झाला होता. 1946 मध्ये, ओव्हलवर सरेविरुद्ध, चंदू सरवटे आणि शूट बॅनर्जी. तेही भारताचेच, आणि 249 ची भागीदारी. मी मीटिंगमध्ये जोरात "येस्स!" म्हणाले. सगळ्यांना वाटलं क्लायंटच्या नव्या टाइमलाइनला मी होकार दिला. तो शनिवार मला ऑफिसात काढावा लागला.

बाबांना मात्र त्या 232 पेक्षा पुढच्या आठवड्यातली सेमीफायनल जास्त मोठी वाटते, आणि इथे मी त्यांच्याशी सहमत आहे. बडोद्याविरुद्ध पहिल्या इनिंगची आघाडी आधीच हातात होती, तिथे हात मोकळे करता येत होते. बीकेसीवर तमिळनाडूविरुद्ध तसं नव्हतं. त्यांचे 146, आणि आपण 7 बाद 106. साई किशोर एकेकाला परत पाठवतोय. रविवार होता, आमच्याकडे पाहुणे, आणि बाबा कोणाशीच बोलेनात. नवव्या नंबरवर शार्दूल आला. हार्दिक तामोरेबरोबर 105 ची भागीदारी, तामोरेचे त्यात 35. मग तनुषबरोबर 79. शार्दूलचं फर्स्ट क्लासमधलं पहिलं शतक, 109. तो गेल्यावर तनुष आणि तुषारने शेवटच्या विकेटला आणखी 88 जोडले. 7 बाद 106 वरून 378! मॅच तीन दिवसांत संपली, एक इनिंग आणि 70 रन्सनी. त्यानंतर शार्दूलने दोन मॅचमधल्या तीन दिवसांच्या सुट्टीवर उघड तक्रार केली. एवढ्याशा विश्रांतीत फास्ट बॉलरची पोरं मोडतील, असा त्याचा मुद्दा. हा मुद्दा आपल्याला कळतो. फॉर्मात कोणी लिहीत नाही, पण ज्याचं काम झालं आहे त्यानेच तोंड उघडावं लागतं. शार्दूल नऊ. तुषार साडेसात, कारण बॉलिंगमध्ये मला आणखी हवं होतं.

तनुष कोटियन: साडेनऊ. मोसमात 502 रन्स आणि 29 विकेट्स, मॅन ऑफ द टूर्नामेंट. फायनलमध्ये विदर्भाच्या पहिल्या इनिंगमध्ये 7 रन्समध्ये 3 विकेट्स. ऑफस्पिनर म्हणून घेतलेला माणूस पाचशे रन्स करतो, तेव्हा त्याच्या जॉब डिस्क्रिप्शनचं काय करायचं? बाबांचा शेरा फक्त एका शब्दाचा: 'घ्या.' कोणी घ्या ते लिहायची गरज नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अश्विन रिटायर झाल्यावर त्याला ऑस्ट्रेलियाला बोलावणं आलं.

मोहित अवस्थी, केरळविरुद्ध एका इनिंगमध्ये 7, ईडनवर बंगालविरुद्ध पुन्हा 7, आणि फायनलमध्ये नाही. आठ, आणि हळहळ. शम्स मुलाणी आठ. धवल कुलकर्णीला बाबांनी मार्कच दिले नाहीत. 2008-09 पासूनचा माणूस, शेवटची मॅच, पहिल्या इनिंगमध्ये 15 रन्समध्ये 3 विकेट्स. "रिटायर होणाऱ्याचं अप्रेजल करत नाहीत," म्हणाले. "त्याला घड्याळ देतात."

राहिला कॅप्टन.

अजिंक्य रहाणे, 214 रन्स, सरासरी 17.83. त्यातले 73 फायनलच्या दुसऱ्या इनिंगमध्ये. ते वजा करा आणि बघा काय उरतं. मी सरळ चार लिहिले. बाबांनी सात. त्या रात्री आमचं खरंच वाजलं. मी म्हटलं, "बाबा, आकडे बघा ना! तो तुमचा डोंबिवलीचा म्हणून तुम्ही..." बाबांनी चष्मा काढला. म्हणाले, "शेवटच्या दिवशी काय झालं सांग."

शेवटच्या दिवशी विदर्भाला 538 हवे होते. अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे उभे राहिले, पहिल्या सेशनमध्ये एकही विकेट नाही. 5 बाद 353. माझ्यासारखीला घाम फुटला होता. रहाणेने फील्ड पसरवली नाही, बॉलर ओरडला तर त्याच्याकडे धावत गेला नाही, चेहरा लोकलमधल्या माणसासारखा कोरा. लंचनंतर वाडकर 102 वर तनुषला सापडला आणि पुढे सगळे 368 मध्ये आटोपले. शेवटच्या विकेटसाठी त्याने चेंडू धवलच्या हातात दिला. उमेश यादव बोल्ड. धवलची शेवटची मॅच अशी संपली. आणि बक्षीस समारंभात रहाणे स्वतःच म्हणाला की टीममध्ये सगळ्यात कमी रन्स माझे, पण सगळ्यात खूश मीच.

"नवव्या, दहाव्या नंबरच्या पोरांना शतक मारायची छाती कुठून आली?" बाबांनी विचारलं. "वरून कोणी ओरडत नव्हतं म्हणून."

मला हे पूर्ण पटलं नाही. अजूनही नाही. कॅप्टन असला तरी चौथ्या-पाचव्या नंबरवर येणाऱ्याने रन्स करायचे असतात, आणि फायनल हरलो असतो तर याच शांतपणाला लोकांनी सुस्ती म्हटलं असतं. शेवटी मी पाच केले, बाबा सातवर ठाम. त्या पानावर दोन्ही आकडे आहेत, दोन वेगळ्या पेनांनी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी माझी शीट भरली. टीममध्ये बदलापूरचा एक मुलगा होता. त्याचे आकडे वाईट, म्हणजे शीटवर वाईट. नवीन लोकांना शिकवायचा, कोणी आजारी पडलं की त्याचं काम उचलायचा, रात्रीचे कॉल घ्यायचा, आणि यातलं काहीही सिस्टीममध्ये त्याच्या नावावर पडत नसे. मला हे माहीत होतं. मी कमेंटच्या चौकटीत तीन ओळी लिहिल्यासुद्धा. पण एक जण बॉटमला टाकायचाच होता, आणि बाकी सातांचे आकडे त्याच्यापेक्षा चांगले होते. मी त्याला टाकलं. तो काही बोलला नाही. जूनमध्ये त्याने राजीनामा दिला. जुलैमध्ये दोन नवीन मुली आल्या. त्यांना शिकवायला कोणीच नव्हतं, म्हणून मी रोज शेवटच्या कर्जतने घरी यायला लागले.

बाबांना हे मी बऱ्याच उशिरा सांगितलं. ते काही म्हणाले नाहीत. डायरी काढून पुन्हा ते पान बघत बसले.

त्या पानावरचं पुढे बरंच बदललं. पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळायला लागला. मुशीरला सप्टेंबर 2024 मध्ये गाडीच्या अपघातात मानेला मोठी दुखापत झाली. पुढच्या मोसमात सेमीफायनलला विदर्भानेच आपल्याला हरवलं, आणि 2025 मध्ये रहाणेने कॅप्टनशिप सोडली, ती गेली शार्दूलकडे. नवव्या नंबरवर येणाऱ्या माणसाकडे! बाबा त्या दिवशी बदलापूरला उलटे न जाता थेट अंबरनाथलाच गाडीत चढले आणि दादरपर्यंत उभ्याने गेले. कारण विचारलं तर म्हणाले, "असंच."

या वर्षीचा फॉर्म काल आला. नऊ जण आहेत, एक बॉटमला. चौकट तशीच आहे, कमेंटला तीनच ओळी. मी आमच्या वरच्या मॅनेजरला भेटायची वेळ मागितली आहे. शुक्रवारी साडेचारला. बाबांनी विचारलं, डायरी नेतेस का. मी नाही म्हटलं. मग सकाळी बॅगेत बघितलं तर त्यांनी ती ठेवलेली होती, डब्याच्या खाली, 2023-24 च्या पानावर रिक्षाच्या पावतीची खूण घालून.