खेळांतलें दळण

जात्यावरचें दळण घरांतून उठून पिठाच्या गिरणींत गेलें, त्याला आतां बराच काळ लोटला. शब्द मात्र घर सोडून गेला नाहीं. तेंच तेंच काम पुन्हां पुन्हां करावयाचें, मूठमूठ दाणे घालीत बसावयाचें आणि पडेल तेवढें पीठ गोळा करावयाचें, ह्या प्रकारास आपण अजूनहि दळण दळणें असेंच म्हणतों. मोबाईलवर भूमिकेचे खेळ खेळणारीं मुलें ज्या क्रियेला इंग्रजी शब्द उचलून ग्राइंडिंग म्हणतात, ती हीच. ह्या दळणावरून हल्लीं पुष्कळ घरांत कुरबुर चाललेली असते. वडील मंडळी म्हणतात, पोर वेळ मातींत घालवीत आहे. पोर म्हणतें, आतां सोडलें तर माझें नुकसान होईल. दोहों पक्षांपैकीं एकानेंहि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केलेला नसतो. तो हिशेब आज वाचकांपुढें मांडावा असा आमचा विचार आहे.

ज्यांनीं हे खेळ पाहिले नसतील त्यांना प्रथम एवढें सांगितलें पाहिजे कीं, ह्यांत खेळणारा एखाद्या काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, रानावनांतून हिंडतो, शत्रूंशीं लढतो, आणि प्रत्येक विजयाबद्दल त्याला दोन गोष्टी मिळतात: एक द्रव्य व दुसरा अनुभव. अनुभव येथें आंकड्यांत मोजला जातो, आणि तो ठराविक सांठला कीं पात्र एक पायरी वर चढतें. ही कल्पना मोबाईलपेक्षां पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल व फांसे ह्यांवर खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला, त्यांत अनुभवाचे गुण प्रथम आले. त्या मूळ खेळांत भुयारांतून आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यागणिक अनुभवाचा एक गुण मिळे, म्हणजे द्रव्य आणि अनुभव हीं तेथें जवळजवळ एकच होतीं. पुढें जपानांत १९८६ सालीं 'ड्रॅगन क्वेस्ट' निघाला आणि क्षुद्र शत्रू शेंकड्यांनीं मारून बळ वाढविण्याची चाल घरोघर पोहोंचली. आजचे मोबाईलवरील खेळ हे त्याच वंशांतले होत.

फरक पडला तो एका बाबतींत. पूर्वींच्या खेळांत कितीहि वेळ दळीत बसतां येई. आतां बहुतेक खेळांनीं दाण्यांवरच माप बसविलें आहे. शांघायच्या मीहोयो कंपनीनें २८ सप्टेंबर २०२० रोजीं काढलेला 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा खेळ आम्ही उदाहरणादाखल घेतों. त्यांत द्रव्यास मोरा म्हणतात, आणि मोठें फळ मिळवावयाचें तर रेझिन नांवाची ऊर्जा खर्चावी लागते. ही ऊर्जा दर आठ मिनिटांस एक ह्या गतीनें आपोआप भरते, आणि भांडें भरलें कीं भरणें थांबतें. ह्या थांबण्यांतच सगळी मेख आहे.

बुलढाण्याच्या नैर्ऋत्येस, वऱ्हाड संपून मराठवाडा सुरू होतो त्या शिवेजवळ धाड हें गांव आहे. तेथें आमच्या आप्तांचें एक एकत्र कुटुंब नांदतें. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत बाहेरगांवचीं धरून घरांत पांच मुलें जमलीं होतीं, आणि हा खेळ पेलेल असा मोबाईल एकच, थोरल्या काकांचा. मुलांतला मोठा पुढल्या वर्षीं दहावीला बसावयाचा. एका रात्रीं दोन वाजतां काकू पाणी प्यावयास उठल्या, तों हा मुलगा ओसरीवर अंधारांत मोबाईल घेऊन बसलेला. सकाळीं चहाच्या वेळीं काकांनीं निकाल दिला कीं, खेळ आजच पुसून टाकावयाचा. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें. "काका, भांडं भरलं की वरचं सगळं वाया जातं. म्हणून उठावं लागतं," एवढेंच तो म्हणाला. आजोबांची सारी हयात शाळेंत गणित शिकविण्यांत गेलेली. त्यांनीं वर्तमानपत्र बाजूस ठेवलें आणि विचारलें, "किती मावतं? आणि किती वेळात भरतं?"

उत्तर असें कीं, भांड्यांत दोनशें मावतात. दोनशेंला आठांनीं गुणिलें कीं सोळाशें मिनिटें, म्हणजे सव्वीस तास चाळीस मिनिटें होतात. रात्रीं नऊ वाजतां भांडें रिकामें केलें तर तें दुसऱ्या दिवशीं रात्रीं अकरा चाळीसला भरेल. दिवसाचे तास चोवीस. तेव्हां रोज एकाच ठरलेल्या वेळीं बसणाऱ्याचा एक थेंबहि सांडत नाहीं. त्याच्या हातीं रोज बरोबर एकशें ऐंशी पडतात. मग दोन वाजतां उठण्याचें कारण काय? कारण जुनें होतें. खेळ निघाला तेव्हां भांड्यांत एकशें वीसच मावत आणि तें सोळा तासांत भरे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तें एकशें साठ झालें, तरी तें एकवीस तास वीस मिनिटांतच भरावयाचें. त्या काळच्या खेळाडूंनीं दिवसांतून दोनदां डोकावण्याचा नियम केला, आणि तो योग्यच होता. जून २०२४ मध्यें भांडें दोनशेंचें झालें. नियम मात्र मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे तसाच चालत आला. आपल्या घरांतूनहि असे कित्येक नियम, त्यांचें कारण जाऊन पिढ्या लोटल्या तरी, पाळले जातात. तेव्हां पोराला हंसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाहीं.

आतां ह्या एकशें ऐंशींचें करावयाचें काय? खेळाच्या जगांत दोन रंगांचीं फुलें उगवतात. पिंवळ्या फुलाशीं लढून मोरा मिळतो, निळ्याशीं अनुभवाचे ग्रंथ. प्रत्येकास ऊर्जा वीस. खेळाडू वरच्या पातळीस पोहोंचला असेल तर पिंवळ्या फुलाचे साठ हजार मोरा होतात आणि निळ्याचा अनुभव सरासरीनें सव्वा लाखाच्या किंचित् आंत भरतो. म्हणजे दिवसाला फुलें नऊ, आणि सरावलेल्या हाताला एकेकास दोनतीन मिनिटें. अर्ध्या तासाच्या आंत त्या दिवसाचें दळण संपलें! त्यापुढें जो मुलगा तासन् तास मोबाईल घेऊन बसतो, तो रान पाहत असेल, गोष्ट ऐकत असेल, किंवा नुसताच रमला असेल. तो त्याचा खेळ आहे, आणि खेळास आमची ना नाहीं. पण त्याला 'नुकसान होईल' असें म्हणतां येणार नाहीं. रानांतले फुटकळ शत्रू मारीत हिंडण्यानें पदरीं पडणारा मोरा इतका थोडा असतो कीं, तो गोळा करण्यांत दुपार घालविणें म्हणजे खळ्यावर एकेक दाणा वेंचीत बसणें होय. त्यापेक्षां पांच पात्रांना वीस तासांच्या मोहिमेवर पाठवून द्यावें. प्रत्येकीचे पांच हजार, असे पंचवीस हजार मोरा ऊर्जा न वेंचतां घरबसल्या मिळतात. हें काम अर्ध्या मिनिटाचें आहे.

खरें कौशल्य मिळविण्यांत नसून वांटणींत आहे. पात्राच्या पायऱ्या नव्वद धरल्या तर त्या सर्व चढण्यास एकंदर ८३,६२,६५० अनुभव लागतो. त्यांतील पहिल्या सत्तर पायऱ्यांना ३३,२७,६५० पुरतो, आणि शेवटच्या दहांनाच ३४,२३,१२५ लागतो. वाचकांनीं हे आंकडे पुन्हां एकदां पाहावे. शेवटच्या दहा पायऱ्या पहिल्या सत्तरांहून महाग आहेत, आणि त्यांनीं येणारें बळ त्या मानानें बेताचेंच! प्रत्येक पांच अनुभवामागें एक मोरा वेगळा मोजावा लागतो, शिवाय मधल्या बढत्यांचे मिळून चार लाख वीस हजार मोरा आहेतच. सगळें फुलांच्या हिशेबांत मांडलें तर ऐंशीपर्यंत चौसष्ट फुलें, म्हणजे सुमारें सात दिवस; नव्वदपर्यंत एकशें तीन, म्हणजे साडेअकरा दिवस. म्हणून जाणते खेळाडू ऐंशीवर सगळ्या बढत्या उरकून थांबतात आणि पुढचें पात्र हातीं घेतात. लढाईला एका वेळीं चारच पात्रें जातात, हेंहि लक्षांत ठेवलें पाहिजे. नवीं पात्रें दिसूं लागलीं कीं मुलें प्रत्येकाला थोडें थोडें वाढतात, आणि महिन्यानंतर वीस पात्रें अर्धपोटीं उभीं असतात. चौघांचें पुरें झाल्यावांचून पांचव्यास हात लावूं नये, असें आम्हांस वाटतें.

धाडच्या घरीं शेवटीं रात्रीचीं जेवणें झाल्यावर नऊची वेळ ठरली, आणि मोबाईल साडेनवाला काकांच्या उशाशीं परत. काकांनीं तें कुरकुरतच मान्य केलें. नऊ फुलें पांच मुलांत कशीं वांटावीं हा तंटा मात्र आजोबांच्या गणितानेंहि सुटला नाहीं.

सर्वच खेळांना हें माप लागू पडतें असें नाहीं. भारतांत डिसेंबर २०१६ मध्यें जिओच्या साहाय्यानें आलेल्या 'पोकेमॉन गो'मध्यें बाहेर हिंडावें लागतें, आणि खेळाचे थांबे देवळें, पुतळे, स्मारकें अशा ठिकाणीं असतात; साहजिकच शहरांतल्या मुलास रस्त्यारस्त्यावर जें मिळतें त्यासाठीं खेड्यांतल्या मुलास दूर जावें लागतें. तेथें उपाय वेगळा. अर्ध्या तासापुरता सर्व अनुभव दुप्पट करणारें एक 'लकी एग' असतें. चतुर खेळाडू जीवांचें रूपांतर दिवसभर सुटें सुटें करीत नाहीं. पुष्कळ जीव सांठले कीं तें अंडें फोडून अर्ध्या तासांत सगळीं रूपांतरें उरकतो. कडक ऊन पडलें कीं वर्षाचे पापड-कुरडया एका दमांत वाळवून घेणाऱ्या गृहिणींना ह्यांत नवें कांहीं वाटूं नये.

आतां ज्या बाबींत घर खरोखर बुडूं शकतें तिच्याकडे वळूं. वर सांगितलेलें सारें दळण मनगटाचें होतें. पण नवें पात्र दळून मिळत नाहीं. तें सोडतीनें मिळतें. 'गेन्शिन'मध्यें एका सोडतीस एकशें साठ रत्नें पडतात. सर्वोच्च दर्जाचें पात्र येण्याचा संभव प्रत्येक खेपेस शेंकडा ०·६, म्हणजे हजारांत सहा. मात्र नव्वदाव्या खेपेपर्यंत तें एकदां येतेंच अशी हमी आहे. (तें हवें तेंच असेल अशी हमी नाहीं.) रोजचीं चार नेमून दिलेलीं कामें केलीं कीं साठ रत्नें मिळतात. नव्वद सोडतींचीं रत्नें चौदा हजार चारशें. केवळ रोजच्या कामांवर तीं जमवावयास दोनशें चाळीस दिवस लागतील. सणवारीं खेळाकडून आणखीहि रत्नें मिळतात, तेव्हां प्रत्यक्षांत मुदत बरीच कमी होते. पण हवें तें पात्र बहुधा तीन आठवड्यांच्या आंत पडद्याआड जातें. मुलाच्या जिवाची घालमेल होते ती येथें, आणि वडिलांच्या खात्यांतून रुपये जातात तेहि येथेंच. एका परिचित घरीं मुलानें ह्या पायीं आत्याच्या औषधपाण्यासाठीं बाजूस ठेवलेले पैसे मोबाईलवरून खर्चिले. त्या घरांत त्या गोष्टीचा उल्लेख अजून मोठ्यानें होत नाहीं.

हें जुगार आहे काय, असें आम्हांस पुष्कळ विचारतात. बेल्जममध्यें २०१८ सालीं तेथील द्यूत-नियामक मंडळानें कित्येक खेळांतील पैसे भरून काढावयाच्या अशा सोडती जुगाराच्या कायद्याविरुद्ध ठरविल्या. आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला, त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. येथें जिंकलेलें पात्र विकून रुपये मिळत नाहींत. रुपया आंत जातो, परत येत नाहीं. म्हणून कायद्याच्या शब्दाकडे बोट दाखवून घराला निश्चिंत होतां येणार नाहीं. ज्या चीनमध्यें हा खेळ घडला, त्या देशानें ऑगस्ट २०२१ मध्यें अठरा वर्षांखालील मुलांस शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशीं रात्रीं आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळांस बांधून दिला. इतकें टोंक गांठावें असें आम्ही म्हणत नाहीं. मोबाईलवरील प्रत्येक खरेदीस परवलीचा शब्द लागेल अशी व्यवस्था करून तो शब्द घरांतल्या एकाच वडील माणसानें जवळ ठेवावा, आणि बँकेचें खातें खेळाच्या मोबाईलवर मुळींच नसावें. मुलांना रत्नें सांठविण्याची संवय मात्र जरूर लावावी. दोन पात्रें सोडून देऊन तिसऱ्यासाठीं थांबणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांना थांबण्याचें दु:ख होतें, पण तें सोसतां येतें.

राहिला प्रश्न परीक्षेचा. दहावीच्या वेळीं तीन आठवडे खेळ सर्वथा बंद ठेवला तर किती बुडेल, हें धाडच्या त्या मुलाला आधींच सांगून ठेवावें असें आजोबांच्या मनांत आलें. एकवीस दिवसांचीं एकशें एकूणनव्वद फुलें. भांडें भरलेलें राहील त्याचीं दहा परत मिळतील. उरलीं एकशें एकूणऐंशी. चौसष्टाचा भाग देऊन आजोबा म्हणाले, "जवळजवळ तीन पात्रं बुडतील रे तुझी. चालेल?"

मुलानें कागद ओढून घेतला आणि क्षणभर बोटें मोजलीं. "नाही आजोबा, दोनच," तो म्हणाला. "तिसरं ऐंशीपर्यंत पोचतच नाही."