उतारवयात सिंहगड

सुटीच्या दिवशी उजाडण्यापूर्वी सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत, आपण गेलात तर एक गोष्ट सहज ध्यानात येईल. गडाच्या वाटेला लागलेल्या मंडळींत साठी-सत्तरी ओलांडलेल्यांची संख्या मुळीच थोडी नसते. डोक्याला मफलर, हातात काठी, पाठीवर लहानशी पिशवी, आणि बोलण्यात राजकारणापासून नातवंडांपर्यंत सारे काही. दर आठवड्याला गड चढण्याचा नेम पुण्यातील कित्येक ज्येष्ठांनी वर्षानुवर्षे सांभाळला आहे. दुसरीकडे, ‘आता या वयात डोंगर कशाला?’ या एका वाक्याने घरोघरी अनेकांचे पाऊल उंबऱ्यातच थांबते. हे वाक्य बहुधा मुलगा किंवा सून काळजीपोटी उच्चारते. कधी आपण स्वतःच स्वतःला ऐकवतो.

वाचकहो, वय हा डोंगराचा खरा अडसर नव्हे. कोणत्या ऋतूत जायचे आणि खाली कसे यायचे, हे दोन प्रश्न आधी सोडवले तर बहुतेक अडचणी पायथ्याशीच राहतात. चढण्याचा विचार सारेच करतात. उतरण्याचा विचार मात्र वर पोहोचल्यानंतर सुरू होतो, आणि तोवर पाय थकलेले असतात.

प्रथम वाटेचे मोजमाप घेऊ. सिंहगड, म्हणजे जुना कोंढाणा, समुद्रसपाटीपासून सुमारे १३१२ मीटर उंच आहे. पुणे शहर सुमारे ५६० मीटरांवर. आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंतची पायवाट तीन किलोमीटरांच्या आतबाहेर भरते, पण तेवढ्यात ढोबळमानाने ६०० मीटर उंची चढावी लागते. दोनशे मजली इमारतीचा जिना डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. वाट डोंगराच्या सोंडेवरून जाते. दोन्ही बाजूंना दऱ्या, मागे वळून पाहिले की खडकवासल्याचे पाणी, आणि डोक्यावर सावली जवळजवळ नाहीच. ताक, लिंबूसरबत आणि काकडीच्या फोडी विकणाऱ्या टपऱ्यांचा आडोसा हीच काय ती विश्रांतीची जागा. तरुण माणूस तासाभरात वर जातो. आपण दोन-अडीच तास मनात धरावेत आणि त्यात काही कमीपणा मानू नये.

चढताना वेग किती असावा, याचे माप सोपे आहे. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर वेग जास्त झाला. मनगटावरच्या घड्याळातील नाडीच्या आकड्यांवर फार विसंबू नका. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी सुरू असेल तर श्रम कितीही झाले तरी नाडीचा वेग फारसा वाढत नाही, आणि तो आकडा खोटा दिलासा देतो.

आता उताराकडे वळू. जिना उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. चढतानाही भार येतोच, परंतु तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवरून धरतो, म्हणजे सतत लगाम खेचल्यासारखे काम करतो. या कामाने स्नायू अधिक दुखावतो आणि लवकर थकतो. थकलेला स्नायू क्षणभर ढिला पडला की गुडघा ‘सुटल्यासारखा’ वाटतो. उतारावर पडण्याचे प्रसंग बरेचदा असेच घडतात. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत असे एक पडणे मनगट किंवा खुब्याचे हाड मोडण्यास पुरेसे ठरते, आणि त्यानंतरचे कित्येक महिने सारे घर त्या एका पावलाभोवती फिरत राहते.

येथे सिंहगडाचे एक मोठे सुख सांगितले पाहिजे. गडाच्या माथ्यापर्यंत मोटाररस्ता आहे, आणि खालून-वरून प्रवासी नेणारी वडाप जीप मिळते. म्हणून गुडघ्यांची कुरकुर असणाऱ्यांनी गड चालत चढावा आणि जीपने उतरावा. असे केल्याने हृदयाला आणि फुप्फुसांना हवा तो व्यायाम पुरेपूर मिळतो आणि गुडघे वाचतात. ‘चढलो तर उतरलोही पाहिजे, नाहीतर गड केला असे कसे म्हणायचे?’ असा अभिमान काहींना असतो. तो तानाजी मालुसऱ्यांच्या मावळ्यांना शोभला असता. आपल्याला हे गुडघे आणखी वीस वर्षे वापरायचे आहेत.

चालतच उतरायचे असेल तर दोन काठ्या घ्या. एकच असेल आणि एक गुडघा दुखरा असेल, तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरा. पावले लहान, गुडघे किंचित वाकलेले. सरळ खाली न उतरता जिथे रुंदी असेल तिथे नागमोडी उतरावे. आणखी एक बाब सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे चश्मा. जवळचे आणि दूरचे असे दोन्ही नंबर असलेल्या चश्म्याच्या खालच्या भागातून पायाजवळची पायरी धूसर दिसते. डोंगरावर केवळ दूरचा नंबर असलेला चश्मा नेणे श्रेयस्कर. गड चढण्यापूर्वी ‘खबरदारी म्हणून’ वेदनाशामक गोळी घेण्याची सवय मात्र सोडावी. वेदना ही शरीराची सूचना असते, ती दाबली की मर्यादा कळत नाही. शिवाय घामाने शरीरातील पाणी घटलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात, विशेषतः रक्तदाबाची औषधे सुरू असतील तेव्हा.

ऋतूंप्रमाणे हीच वाट इतकी बदलते की जणू चार निराळ्या वाटा असाव्यात.

पावसाळ्यात सिंहगड सर्वांत देखणा असतो आणि ज्येष्ठांसाठी सर्वांत अवघडही. आषाढ-श्रावणात ढग खुद्द वाटेवर उतरतात, दहा पावलांपुढचे दिसत नाही, कड्यांवरून पाण्याच्या धारा कोसळतात. दगडांवर शेवाळ धरते, मातीचा चिखल होतो. त्यातच सुटीच्या दिवशी एवढी गर्दी लोटते की आपल्या गतीने पाऊल टाकणेही कठीण व्हावे. मागून घाईने उतरणाऱ्या तरुणाचा धक्का हा शेवाळाइतकाच धोक्याचा. म्हणून पावसाळ्यात पायवाटेचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी, पावसाने उघडीप दिली असता, गाडीने वर जावे आणि माथ्यावरच फिरावे. घाटरस्त्यावर दरडी कोसळतात आणि रस्ता काही काळ बंदही ठेवला जातो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक. जीपने उतरण्याच्या भरवशावर चढलेल्या माणसाला वर गेल्यावर रस्ता बंद झाल्याचे कळले, तर उरतो तो निसरडा उतारच.

पाऊस ओसरल्यानंतर, भाद्रपदाच्या अखेरीस, डोंगर हिरवाच असतो आणि रानफुले वाटेच्या कडेला येतात. हा काळ सुंदर, पण लगोलग येणारा ऑक्टोबरचा उष्मा फसवा. हवेत दमटपणा असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर तापत जाते. या दिवसांत आणि पुढे वैशाखातही दुपारनंतर गडगडाटासह वळवाची सर येऊ शकते. उघड्या सोंडेवर विजांचा कडकडाट ऐकू आला तर एकट्या झाडाखाली उभे राहू नका. धारेवरून लवकरात लवकर खाली यावे. त्याहून उत्तम म्हणजे सकाळी दहापर्यंत गड आटोपलेला असावा.

मार्गशीर्ष ते माघ हा काळ ज्येष्ठांच्या चढाईला सर्वाधिक अनुकूल. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, तोरणा आणि राजगड स्पष्ट ओळखू येतात. तरीही दोन सूचना. पहाटेच्या गारठ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी थोडे उजाडू द्यावे, पायथ्याशी दहा मिनिटे सपाटीवर चालावे आणि मगच चढ घ्यावा. दुसरी सूचना वाटेविषयी. चिखल वाळला म्हणजे घसरण संपली, असा समज असतो. वास्तविक कोरड्या मुरमाचे बारीक खडे बुटाखाली गोट्यांसारखे फिरतात. झिजलेल्या तळव्यांचे, फेरफटक्याचे बूट येथे कामाचे नाहीत. खोल खाचांचा तळवा हवा.

फाल्गुनानंतर गवत पिवळे पडते आणि वाट तापू लागते. चैत्र-वैशाखात जायचेच असेल तर उजाडताच निघून, ऊन चढण्यापूर्वी वर पोहोचावे. वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते, हे पक्के लक्षात ठेवा. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. लघवी जास्त होण्याची गोळी घेणाऱ्यांनी, आणि ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे अशांनी, उन्हाळी चढाईपूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. वाटेवरचे ताक अमृतासारखे खरे, पण रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य असणाऱ्यांनी ‘बिनमिठाचे द्या’ असे सांगायला लाजू नये.

मधुमेही वाचकांसाठी एक परिच्छेद स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेत असताना उपाशीपोटी गड चढणे धोक्याचे. निघताना काहीतरी खा, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा, आणि ती कोणत्या खिशात आहे हे सोबत्याला सांगून ठेवा. हातापायांना कंप, घाम, अकारण चिडचिड वा गोंधळ दिसला तर आधी साखर, मग चर्चा. श्रमांचा परिणाम पुढे काही तास टिकतो, म्हणून घरी परतल्यावरही साखर उतरू शकते. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी बूट काढून तळवे त्याच दिवशी नीट पाहावेत. फोड कळत नाही, पण चिघळतो.

आता सोबत जाणाऱ्यांशी थोडे बोलायचे आहे. आपण मुलगा असाल, सून असाल किंवा काळजीवाहक. आईवडिलांना डोंगरावर नेताना पुढे चालून ‘या ना लवकर’ म्हणू नका. चढताना त्यांच्या मागे चाला. उतरताना एक पाऊल पुढे, म्हणजे खालच्या बाजूस राहा. वेग त्यांचा. परतण्याची वेळ पायथ्याशीच ठरवा आणि ती झाली की, माथा कितीही जवळ दिसो, मागे वळा. ‘आलंच की आता, एवढंच राहिलंय’ हे डोंगरावरचे सर्वांत घातक वाक्य आहे. आईवडील केवळ मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून अंगातला त्रास लपवतात. छातीत दडपण, जबडा वा हात दुखणे, घेरी, अचानक आलेला घाम किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही झाले तर तिथेच बसवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. वृद्धांत, विशेषतः मधुमेह असल्यास, हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येईलच असे नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणारी व्यक्ती पडून डोक्याला मार लागला, तर ती हसतखेळत उठली तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ज्यांना चढणे शक्यच नाही, त्यांना घरी ठेवून जाण्याचे कारण नाही. घरातल्यांनी पायवाटेने यावे, आजी-आजोबांनी जीपने वर यावे आणि माथ्यावर भेट व्हावी. वाहनतळापासून पुणे दरवाजापर्यंत थोडा चढ व पायऱ्या आहेत. त्या हात धरून, थांबत थांबत पार केल्या की पुढे लोकमान्य टिळकांचा बंगला, तानाजींची समाधी, राजाराम महाराजांची समाधी, देवटाके अशी फिरण्यासारखी ठिकाणे आहेत. १९१५ साली गांधीजी आणि टिळक याच बंगल्यात भेटले होते. तिथे सावलीत बसून घटकाभर वारा अंगावर घेतला तरी दिवस सार्थकी लागतो. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला मात्र धुक्याच्या दिवशी नेऊ नका आणि कड्याच्या बाजूला हात सोडू नका. पिठले-भाकरी अवश्य खा. कांदाभजी मात्र एखाद-दुसरेच, विशेषतः त्यानंतर चालत उतरायचे असेल तर.

गडाची तयारी पुण्यातच करता येते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आठवड्यातून तीन दिवस चढाव्यात. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा व्यायाम रोज दहा वेळा करावा. मांडीच्या त्याच पुढच्या स्नायूला तो बळ देतो. सहा-आठ आठवड्यांनी पर्वती दोनदा लागोपाठ, गप्पा मारत चढता आली, तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन सिंहगडाचा विचार करावा. पहिल्या खेपेस अर्ध्या वाटेवरच्या टपरीपर्यंत जाऊन, ताक पिऊन परत आलात तरी चालेल.

गड उतरून आल्यानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या दुखतील, तिसऱ्या दिवशी कदाचित अधिकच. हे स्वाभाविक आहे. अंथरुणाला न खिळता घरातल्या घरात सावकाश चालावे. परंतु गुडघ्यावर सूज आली, तो गरम लागला, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा.