देवळापुढील हिरवळ आणि हाताने ढकलावयाचे गवत कापण्याचे यंत्र



श्रींच्या प्रांगणातील हिरवळ म्हणजे प्रदक्षिणा आटोपून घटकाभर टेकणाऱ्या वृद्धांची आणि आरती होईपर्यंत बागडणाऱ्या मुलांची हक्काची जागा. ती नीटनेटकी राखण्याचे काम सेवेकरी मंडळी रविवारी करीत असतात. मागील पावसाळ्यात या कामात एका तरुण सेवेकऱ्याच्या बोटास जखम झाली. पात्यांत अडकलेला करवंटीचा तुकडा तो हाताने काढीत असता दुसऱ्याने दांडा किंचित पुढे ढकलला व पाती फिरली. टाके पडले, परंतु बोट वाचले, ही श्रींचीच कृपा. यंत्र कसे चालते हे आम्ही कोणास नीट समजावून दिले नव्हते, हा दोष आमचा. तो दूर करावा म्हणून हा लेख.

या प्रसंगानंतर पेट्रोलचे यंत्र घ्यावे अशी सूचना काही सभासदांनी केली होती. विचारांती आम्ही जुनेच यंत्र ठेवले. पेट्रोलच्या यंत्राचे पाते अतिवेगाने फिरते व त्याखाली आलेला खडा दूरवर भिरकावला जातो. दर्शनार्थींची ये-जा असलेल्या जागी ते जोखमीचे. शिवाय पारायणाच्या वेळी त्याचा आवाज कोणास रुचेल? आपली हिरवळ लहान आहे. तिला हातयंत्र पुरेसे आहे.

यंत्राची रचना

हे यंत्र इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग यांनी तयार केले व 1830 साली त्याचे पेटंट घेतले. कापडगिरणीत लोकरी कापडावरील लव कातरणारे यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली. तत्त्व आजही तेच आहे. चाके फिरली की दातेरी चक्रांमुळे पीळदार पात्यांचा दंडगोल फिरतो. त्याच्या खाली एक स्थिर पोलादी पट्टी असते. गवताची काडी फिरते पाते व स्थिर पट्टी यांच्यामध्ये सापडते आणि कात्रीने कातरल्याप्रमाणे कापली जाते. चाक व पाती एकमेकांस जोडलेली असल्याने चाक पुढे सरकले की पाती फिरणारच, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे. यंत्र मागे ओढताना मात्र पाती फिरत नाहीत, म्हणून मागे ओढून गवत कापले जात नाही.

गवत कापण्यापूर्वी व कापताना

प्रथम हिरवळीवरून एक फेरी मारून करवंट्या, खडे, नाणी व हारांतील तारा वेचून घ्याव्यात. देवळाच्या आवारात या वस्तू हमखास सापडतात, आणि एका तारेने पात्याची धार जाते.

गवत कोरडे असताना, म्हणजे दव ओसरल्यावर कापावे. आपल्या माळव्यातील काळी माती पावसानंतर चाकांस व रुळास चिकटते, चाके घसरतात आणि जमिनीवर चाकोऱ्या उमटतात. अशा वेळी एक-दोन दिवस थांबणे बरे.

एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. त्याहून अधिक कापल्यास मुळे दुर्बळ होतात व हिरवळ पिवळी पडते. आपली हिरवळ हरळीची आहे. ती 3 ते 4 सेंटीमीटर राखावी. पावसाळ्यात आठवड्यास एकदा कापणी लागते. थंडीत हरळीची वाढ मंदावते, तेव्हा फारशी लागत नाही. गवत फार वाढले असल्यास हे यंत्र ते कापण्याऐवजी आडवे पाडते. अशा वेळी आधी विळ्याने उंची कमी करावी. कापलेले बारीक गवत हिरवळीवरच पसरू द्यावे, त्याचे खत होते. ढीग साचल्यास तो निर्माल्याच्या खतखड्ड्यात टाकावा.

निगा

काम संपताच पाती ब्रशाने स्वच्छ करून कोरड्या फडक्याने पुसावीत व तेलाचा हलका हात फिरवावा. चाकांच्या आसास व बेअरिंगला महिन्यातून एकदा तेल द्यावे. यंत्र पडवीत, फळीवर ठेवावे. ओल्या फरशीवर ठेवल्यास ते गंजते.

धार पाहण्यासाठी वर्तमानपत्राच्या कागदाची लांब पट्टी घ्यावी. चाके जमिनीपासून उचललेली असावीत. पट्टीचे टोक पाते व स्थिर पट्टी यांच्यामध्ये धरून दंडगोल लाकडी काठीने हळू फिरवावा, बोटे दूर ठेवावीत. कागद सर्व ठिकाणी स्वच्छ कापला गेला पाहिजे. एका बाजूस कापला जात नसेल तर त्या बाजूचा स्क्रू अगदी थोडा फिरवून अंतर कमी करावे. फार आवळल्यास यंत्र जड चालते, खरखरते व पाती व्यर्थ झिजतात. अंतर जुळवूनही कापणी नीट होत नसेल तर धार लावणे आवश्यक समजावे. पात्यांस दाणेदार लेप लावून ती उलट दिशेने फिरवीत धार लावतात. हे काम जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. साध्या कानशीने पाती घासू नयेत, त्यांचा पीळ बिघडतो.

कटाक्षाने पाळावयाचे नियम

पात्यांत काही अडकल्यास यंत्र आडवे करून चाके मोकळी ठेवावीत, इतरांनी दांडा सोडून दूर उभे राहावे व अडकलेली वस्तू काठीने काढावी. हात घालू नये. यंत्र चालू असता मुलांना हिरवळीवर येऊ देऊ नये. चप्पल न घालता, बंद जोडे घालूनच हे काम करावे. देवळाबाहेरच्या या सेवेत अनवाणी राहण्याचा आग्रह नसावा.

शेवटी एक विनंती. हरळी म्हणजेच श्रींस प्रिय असलेली दूर्वा. विहिरीलगतचा कोपरा आम्ही मुद्दाम न कापता राखला आहे. चतुर्थीच्या जुड्यांसाठी कोवळ्या दूर्वा तेथूनच हाताने खुडाव्यात. यंत्राने कापलेले गवत पूजेस घेऊ नये.

रविवारच्या सेवेस येणाऱ्यांनी एकदा हा लेख वाचून, मगच दांड्यास हात लावावा, ही नम्र विनंती.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ