मर्ढेकरांचे उंदीर आणि आपला रिसोडचा वर्ग

मराठीच्या सेमिनारला कवी मर्ढेकर वाट्याला आले की निम्म्या स्लाइड जीवनपरिचयातच जातात. जन्म १९०९, फैजपूर, आकाशवाणीत नोकरी, निधन १९५६. झालं! एक स्लाइड पुरे.

वेळ द्यायचा तो कवितेला. पिंपात मेलेल्या उंदरांची ती प्रसिद्ध कविता घ्या. प्रस्तावना न करता दोनदा मोठ्यानं वाचा आणि लगेच अर्थ विचारू नका. ‘कोणता शब्द खटकला?’ एवढंच विचारा. सोयाबीनच्या कट्ट्यांमागे मेलेला उंदीर आपल्याकडे, रिसोडला, कोणी पाहिला नाही? पोरं बोलतातच. मग हळूच पुढचा प्रश्न टाका: कवीला इथं किळस येते की कणव? आणि हे उंदीरच आहेत, की महानगरातली माणसं? दुसरं महायुद्ध, यंत्रयुग ही पार्श्वभूमी आता सांगा, आधी नाही.

‘आधुनिक’ म्हटलं की अनेकजण मुक्तछंद शोधत बसतात. मर्ढेकर मात्र ओवी-अभंगाचं जुनं वळण घेऊन त्यात नवं, बोचरं जग भरतात. घरी हरिपाठ ऐकलेल्या मुलांच्या कानाला ते पटकन कळतं, हा माझा आवडता मुद्दा!

‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, १९५२ मध्ये कवी निर्दोष सुटले. हे शेवटी सांगा, नाहीतर सगळा तास त्यातच जाईल.

आणि लाइटचा भरवसा नाही. कवितेच्या वीसेक झेरॉक्स आदल्या दिवशीच काढून ठेवा.