थंड पायांचं गणित

हार्बर लाइनच्या शिवडी स्टेशनला पूर्वेकडे उतरून जेट्टी गाठली की ओहोटीच्या वेळी समोर नुसता चिखल पसरलेला दिसतो. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्यात हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, माना खाली घालून चरत असतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ते इथे नेमाने येताहेत. त्यांत लहान रोहित जास्त, मोठे कमी. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू आता याच चिखलावरून उरणच्या बाजूला जातो. कॅमेरेवाल्यांचा सगळा जीव गुलाबी पंखांत अडकलेला असतो, पण या पक्ष्याची खरी करामत पायांत आहे.

या पायात जो गुडघा उलटा वाकल्यासारखा दिसतो तो खरं तर घोटा. गुडघा वर, पोटालगत पिसांत दडलेला. मांसही सगळं वरच. खाली उरतात हाड, कंडरा आणि खवलेदार कातडी. अंगात चाळीस अंशांच्या आसपास ऊब आणि ही दोन उघडी नळकांडी तासन् तास पाण्यात. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून अधिक. पायात उतरलेलं रक्त गार होऊन तसंच वर चढत राहिलं, तर थंडीच्या दिवसांत पक्ष्याचं काही खरं नाही.

ते तसं होत नाही, कारण पाणपक्ष्यांच्या पायात खाली जाणारी धमनी आणि वर येणाऱ्या शिरा एकमेकींना बिलगून असतात. गोदीत उतरणाऱ्या हमालाने डोक्यावरचं ओझं वाटेतच चढणाऱ्याच्या डोक्यावर द्यावं आणि स्वतः मोकळा खाली पोचावं, तसा हा व्यवहार. धमनीतली ऊब शिरेत जाते आणि शरीरात परतते. पंजापर्यंत पोचतं ते आधीच निवलेलं रक्त. क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७६ सालीच ही शक्यता मांडली होती. पुढे १९५० च्या दशकात पेर शोलांडरने देवमाशांच्या परांत अशीच रचना दाखवून दिली.

आता हे कागदावर मांडू. दोन समांतर नळ्या, उलट दिशांनी सारखाच प्रवाह. नळ्यांमधून उष्णता किती सहज जाते याला प्रवाहाने भागलं की एक संख्या मिळते, तिला न म्हणू. पाय लांब, तर न मोठा. प्रवाह जोरात, तर न लहान. हिशेब सांगतो की एकूण उष्णतेपैकी फक्त १ भागिले (१ + न) एवढा वाटा बाहेर जातो. न पाच असेल तर सहावा हिस्सा गमावला, बाकीचा परत आला. आता पक्ष्याने पायातलं रक्त दुप्पट केलं तर? न अडीचवर येतो, आणि बाहेर जाणारी उष्णता दुप्पट नव्हे, जवळजवळ साडेतीनपट होते. म्हणजे एकच पाय थंडीत ऊब राखतो आणि उकाड्यात ती टाकून देतो. फरक पडतो तो फक्त रक्ताच्या वेगाने. जोहान आणि इल्झे स्टीन यांनी १९६५ साली बगळा आणि कुरव या पक्ष्यांच्या पायांतून जाणारी उष्णता मोजली, तेव्हाही हेच दिसलं.

माणसाच्या बाबतीत हे गणित वेगळ्या वाटेने आलं. १९४८ साली अमेरिकेत हॅरी पेनेसने स्वयंसेवकांच्या कोपराखालच्या हातातून तापमान मोजणाऱ्या बारीक तारा आरपार ओवून (हल्लीची कोणतीही नैतिक समिती हे वाचून दचकेल) एक समीकरण मांडलं. त्याचं गृहीतक साधं होतं. रक्त धमनीच्या तापमानाला ऊतीत येतं, केशवाहिन्यांत ऊतीइतकं होतं आणि निघून जातं. मिळणारी उष्णता रक्तपुरवठा आणि दोन तापमानांतला फरक यांच्या गुणाकाराइतकी. रक्त कुठून आलं, शेजारून कोण गेलं, याची विचारपूस नाही.

१९८० साली चेन आणि होम्स यांनी हिशेब करून दाखवलं की केशवाहिनीपर्यंत पोचेतो रक्ताचा सौदा उरकलेला असतो. खरी देवाणघेवाण साधारण ०.०५ ते ०.५ मिलिमीटर जाडीच्या वाहिन्यांत होते. त्यानंतर न्यूयॉर्कच्या शेल्डन वाइनबाउम आणि लतीफ जिजी यांनी धमनी-शिरांच्या जोड्याच समीकरणात बसवल्या. त्यांच्या सूत्रात ऊतीची वाढीव उष्णतावाहकता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरचा साडेतीनपटीचा हिशेब याच जातीचा. न आणखी मोठा धरला की आकडा चारकडे सरकतो.

तरीही डॉक्टरांच्या संगणकात आजही बहुधा पेनेसच असतो. त्यात मला गैर वाटत नाही. यकृतातली गाठ रेडिओलहरींच्या सुईने जाळायची, तर पेशी साठ अंशांवर जवळपास लगेच मरतात, एवढं कळलं की पुढे सोपं समीकरण पुरतं. अडचण येते ती गाठीशेजारून तीन मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी जात असेल तेव्हा. वाहतं रक्त त्या बाजूची उष्णता ओढून नेतं, कडेचे रोगी पेशीपुंज वाचतात आणि गाठ पुन्हा वाढू शकते. तिथे ती एक वाहिनी वेगळी नळी म्हणून समीकरणात घ्यावीच लागते. बाकीच्या बारीकसारीक वाहिन्या पेनेसच्या सरासरीत ढकलल्या तरी चालतं.

राहिला रोहितांच्या एका पायावर उभं राहण्याचा प्रश्न. ऊब वाचवायला रोहित एक पाय पोटाशी घेतो, असं जो तो सांगतो. मॅथ्यू अँडरसन आणि सारा विल्यम्स यांनी फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातले कॅरिबियन फ्लेमिंगो पाहून २०१० साली याला दुजोरा दिला. हवा तापली की एका पायावरचे पक्षी कमी होतात, आणि जमिनीपेक्षा पाण्यात एका पायावर उभं राहण्याचं प्रमाण अधिक. पण २०१७ साली यंग-हुई चांग आणि लीना टिंग यांनी मेलेला फ्लेमिंगो एका पायावर तोलून उभा केला. स्नायूंचा जोर न लागता सांधे आपोआप स्थिरावले. दोन पायांवर ते जमलं नाही.

शिवडीच्या मे महिन्यात पाणी आणि पक्ष्याचं अंग यांत जेमतेम दहा अंशांचा फरक उरत असेल, ओहोटीचा उघडा चिखल तर उन्हात आणखी तापतो. तेव्हा पाय उचलून वाचवायला फारसं काही नसतं, उलट खाली सोडलेला पाय जास्त कामाचा. फिलाडेल्फियाचा निष्कर्ष इथे तपासायला दुर्बीण, चिखलात खुपसायचा तापमापक आणि वही एवढं पुरेल. जानेवारीतल्या पहाटेच्या आणि मेमधल्या दुपारच्या ओहोटीला विसावलेले पक्षी मोजायचे, एका पायावर किती नि दोन पायांवर किती. दोन्ही वेळी प्रमाण सारखंच निघालं, तर इथे उष्णतेपेक्षा सांध्यांचं पारडं जड.